सोळा वर्षांचा भाऊ, संध्याकाळचे दोन तास आणि सरकारी मदत

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. इतर वाचणाऱ्यांना संदर्भ कळावा म्हणून आधी तो थोडक्यात मांडते. खानापूर तालुक्यातल्या गावात तुमचे आई-वडील आणि सोळा वर्षांचा भाऊ राहतात. भावाला स्वमग्नता आणि बौद्धिक दिव्यांगत्व आहे, यूडीआयडी कार्डावर, म्हणजे दिव्यांग ओळखपत्रावर, 75 टक्के लिहिलंय, मोजकेच शब्द बोलतो. जूनपासून संध्याकाळी पाच ते सातच्या दरम्यान तो स्वतःच्या कानशिलात मारून घेतो आणि आई अडवायला गेली की तिच्या मनगटाला चावतो. विशेष शाळेनं “शांत झाला की आणा” म्हणून घरी पाठवलाय. वडील कधीकधी त्याला ओढणीनं कॉटच्या पायाला बांधतात. मेलबर्नला राहणाऱ्या तुमच्या आतेबहिणीच्या मुलाला मात्र सरकारी खर्चानं वर्तनाचा तज्ज्ञ मिळालाय. आपल्याकडे अशी योजना आहे का, अर्ज कुठं करायचा, आणि काहीच नसेल तर त्याला वसतिगृहात ठेवावं का, असं तुम्ही विचारलंय.

मी पुनर्वसन मानसशास्त्रज्ञ आहे. 22 वर्षं सांगली आणि सातारा जिल्ह्यांतल्या अशाच घरांमध्ये काम करतेय. तुम्ही योजनेचं नाव विचारलंत, पण तुमचा खरा प्रश्न मला वेगळा दिसतो. संध्याकाळचे ते दोन तास आई एकटीनं कसे काढेल आणि तिच्या बाजूला कोण उभं राहील, हा तो प्रश्न. योजनांचं सांगतेच, पण क्रम तसा ठेवणार नाही.

सरळ उत्तर आधी. “वर्तन साहाय्य” या नावाची, एका अर्जावर मिळणारी सरकारी सेवा आपल्याकडे नाही. ऑस्ट्रेलियात 2013 च्या कायद्यानं राष्ट्रीय दिव्यांग विमा योजना आली. तिथं पैसा माणसाच्या नावानं मंजूर होतो आणि त्यातून तो सेवा विकत घेतो. वर्तन साहाय्य ही त्यातली एक सेवा. तज्ज्ञ घरी येऊन बघतो, वर्तनामागचं कारण शोधतो आणि लेखी आराखडा करतो. बांधणं, कोंडणं, केवळ शांत ठेवण्यासाठी औषध देणं, दाबून धरणं किंवा कपाट-दार कुलूपबंद ठेवणं अशा गोष्टी होत असतील, तर तज्ज्ञाला एका महिन्यात तात्पुरता आणि सहा महिन्यांत पूर्ण आराखडा द्यावा लागतो. त्या गोष्टी कमी कशा करणार हेही त्यात लिहावं लागतं. आपल्याकडे अशा सेवांचा पैसा सहसा माणसाच्या नावानं येत नाही, तो संस्थेकडे जातो: विशेष शाळेचं अनुदान, रुग्णालयातली पदं, समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेतले विशेष शिक्षक. त्यामुळं तुमच्या आतेबहिणीला जे एका ठिकाणी मिळतं ते तुम्हाला चार दारांतून गोळा करावं लागेल. मी ते बऱ्याच घरांसोबत केलंय. दमणूक होते, पण जमतं. मात्र त्या आराखड्याचा गाभा असलेलं काम, म्हणजे कारण शोधणं, घरूनच सुरू होतं आणि त्याला मंजुरी लागत नाही.

सगळ्यात आधी कान आणि दात तपासून घ्या. हे मी अनुभवानं सांगतेय आणि तो अनुभव मला आजही टोचतो. कामाची पहिली काही वर्षं होती. कोरेगाव भागातली नऊ वर्षांची एक मुलगी डावा कान आणि गाल बडवून घ्यायची. मारून घेतलं की घरातले सगळे धावत यायचे, म्हणून मी निष्कर्ष काढला की तिला लक्ष हवंय. धावू नका, असं मी घरच्यांना सांगितलं. तीन आठवडे त्या आईनं जीव मुठीत धरून माझं ऐकलं. मग एका सकाळी उशीला पू लागलेला दिसला. कान आतून सुजला होता. ती पोर दुखतंय म्हणून कान मारत होती आणि मी तिच्या आईला लांब बसवलं होतं. तेव्हापासून वर्तनाचा एकही कागद मी शरीर तपासल्याशिवाय लिहीत नाही.

तुमचा भाऊ तर नेमका कानाशीच मारून घेतोय. त्यामुळं कान-नाक-घसा आणि दात दोन्ही दाखवा. शौचाला किती दिवसांनी होतं ते बघा, कारण बद्धकोष्ठतेचं पोट दुखणं या मुलांना सांगता येत नाही. फिट्स येत असतील आणि गेल्या वर्षभरात गोळी बदलली असेल तर डॉक्टरांना आवर्जून विचारा. लेव्हेटिरासेटाम या फिट्सच्या औषधानं काही मुलांची चिडचिड वाढते. गोळी मनानं बंद मात्र करू नका. मारून घेतल्यावर उलटी, गुंगी, कानातून रक्त यातलं काही दिसलं तर वाट न बघता दवाखाना गाठायचा.

तपासणी होईपर्यंत दुसरं काम सुरू करा. शंभर पानी वही घ्या आणि पानावर उभ्या रेघा मारून चार रकाने पाडा: वेळ, आधी काय चाललं होतं, त्यानं काय केलं, नंतर आपण काय केलं. एवढंच. “विनाकारण चिडला” असं लिहायचं नाही, डोळ्यांना जे दिसलं ते लिहायचं. “5:20. आई धारेला गोठ्यात. टीव्ही बंद. तो दारात उभा. दोनदा कानशिलात मारलं. आई बादली टाकून आली, बिस्कीट दिलं.” ही चांगली नोंद झाली. आईला लिहिणं जमत नसेल तर तिनं तुम्हाला फोनवर सांगावं आणि तुम्ही लिहावं. शांत गेलेली संध्याकाळही लिहायची. माझ्या मते तीच जास्त कामाची असते, आणि तीच सगळेजण सोडून देतात.

तासगाव तालुक्यातल्या एका घराचं सांगते. बारा वर्षांचा मुलगा दिवाळीच्या सुमारास अचानक डोकं भिंतीवर आपटायला लागला. घरच्यांनी नजर काढली, देवाला नेऊन आणलं, गोळ्या वाढवल्या. आईनं सोळा दिवस वही लिहिली. त्यातले पाच दिवस कोरे होते, म्हणजे त्या दिवशी त्यानं डोकं आपटलंच नव्हतं. आम्ही दोघी ओट्यावर बसून त्या पाच तारखा बघत होतो, तेव्हा तिचे सासरे सहज बोलून गेले की त्या दिवसांत पाऊस होता, फवारणी नव्हती. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागेत ट्रॅक्टरचा ब्लोअर सुरू होतो आणि त्यांची बाग घराला लागूनच. त्या मुलाला तो आवाज सोसत नव्हता. मग आम्ही इतकंच केलं: ब्लोअर सुरू करण्याआधी त्याला ट्रॅक्टरचा फोटो दाखवायचा, कानावर जाड कर्णबंद लावायचे आणि तासाभरासाठी चुलत्याच्या घरी न्यायचं. डोकं आपटणं लगेच पूर्ण थांबलं नाही, पण पुढच्या महिन्यात कपाळावरची जखम भरली आणि पुन्हा झाली नाही. त्या घराला कुठल्याही योजनेनं ते उत्तर दिलं नसतं. वहीनं दिलं.

आता तुमच्याबद्दल. तुम्ही दोन वेगवेगळ्या जागी दोन वाक्यं लिहिली आहेत. एका ठिकाणी “जूनपासून सुरू झालं” आणि खाली शेवटी “मी जूनमध्ये कराडला नोकरीला लागले, त्यामुळं घरी रविवारीच जाते.” त्याआधी विट्याहून कॉलेज करून तुम्ही किती वाजता घरी पोचत होता? पाच-साडेपाचला का? तसं असेल तर तो दारात कुणाची तरी वाट बघतोय, अशी शंका मला येते. शंकाच म्हणते. जूनमध्ये शाळेतले शिक्षकही बदलले असतील, वयात येण्याचे बदल आहेत, कान तर अजून तपासलेलाच नाही. पण ज्याला “ताई उद्या येणार” हे कळायला शब्द आणि कॅलेंडर दोन्ही नाहीत, त्याच्या दृष्टीनं तुम्ही एक दिवस गेलात आणि परत आला नाहीत. यात तुमचा दोष कणभरही नाही. नोकरी सोडायचा विचार मनात आणू नका.

करून बघायला सोपं आहे. पुठ्ठ्यावर सात चौकोन करा, रविवारच्या चौकोनात तुमचा फोटो लावा, बाकीच्या सहांत फोनचं चित्र. रोज रात्री आईनं त्याच्याच हातानं एक चौकोन झाकायचा. आणि रोज बरोबर सव्वापाचला तुमचा व्हिडिओ कॉल, पाच मिनिटं, तो बोलो न बोलो. कंपनीत सांगून ही पाच मिनिटं मिळवा. वेळ चुकवू नका, कारण एकदा रुजलेली आणि मग चुकलेली वेळ त्याला जास्त त्रास देईल. आठ-दहा दिवसांत नोंदींत काही फरक दिसतोय का ते वहीच सांगेल. दिसला नाही तर माझी शंका चुकली, मग आपण दुसरं कारण शोधायचं.

कारण कोणतंही निघो, त्याला मारून घेण्याऐवजी करता येईल अशी एक खूण शिकवावी लागतेच. नुसतं “मारू नको” म्हणून भागत नाही, कारण मारणं हेच त्याचं बोलणं आहे. ते काढून घेताना हातात दुसरं काही द्यावं लागतं. छातीवर हात ठेवला की “जवळ ये”, तळहात पुढं केला की “नको”, किंवा गळ्यातल्या दोऱ्याला दोन-तीन चित्रं. एका वेळी एकच खूण. आधी शांत वेळी शिकवायची, त्याचा हात धरून करवून घ्यायची आणि त्यानं केली की त्या क्षणी आईनं हातातलं काम टाकून प्रतिसाद द्यायचा. खुणेला मारण्यापेक्षा लवकर उत्तर मिळतं हे त्याला पटलं पाहिजे. सुरुवातीचा आठवडा-दोन आठवडे मारणं वाढू शकतं. जुना उपाय चालेना म्हणून तो जोरात करून बघतो. बहुतेक घरं इथंच हार मानतात, म्हणून आईला आधीच सांगून ठेवा. त्या काळात दुर्लक्ष करायचं असा मात्र अर्थ नाही. मारताना हात आणि कान यांच्यामध्ये उशी धरायची, चेहरा शांत ठेवायचा, बोलायचं कमी. आईनं जाड, लांब बाह्यांचा स्वेटर घालावा. चावा घेतला तर हात ओढू नये, ओढल्यानं जखम मोठी होते. हात किंचित आत, त्याच्या तोंडाकडे ढकलला की पकड सैल होते.

बांधण्याबद्दल लिहिताना मला तुमच्या वडिलांचा चेहरा दिसतोय. रागानं बांधणारे फार थोडे असतात. बहुतेक जण आपल्या बायकोचं मनगट रक्ताळलेलं बघवत नाही म्हणून बांधतात. त्यांना दोष देऊ नका, पण हे थांबवा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 नुसार अमानुष वागणुकीपासून संरक्षण हा तुमच्या भावाचा हक्क आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम 2017 मानसिक आजारी व्यक्तीला कोणत्याही प्रकारे साखळीनं जखडायला मनाई करतो. कायदा बाजूला ठेवला तरी 6 ऑगस्ट 2001 ला तमिळनाडूतल्या एरवाडीत मनोरुग्णांच्या निवासाला लागलेली आग आठवा. तिथं 28 जण गेले, त्यातले बरेच जण साखळीनं बांधलेले होते. आणि वर्तनाच्या बाजूनं बघितलं तर बांधल्यावर तो शिकतो ते इतकंच की संध्याकाळ झाली की आपल्याला बांधतात. मग पाच वाजण्याआधीच घाबरून मारायला सुरुवात होते. वडिलांना बांधायच्या ऐवजी एक ठरलेलं काम द्या: पाच वाजता त्याला घेऊन वस्तीपर्यंत चालत जाऊन यायचं. अंगाला श्रम झाले की अनेक मुलं निवळतात, आणि बापाला हातात काहीतरी करायला मिळतं.

आता ती चार दारं. पहिलं रुग्णालयाचं. जिल्ह्याचं मोठं सरकारी रुग्णालय सांगलीत, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिरजेत. एका फेरीत कान, दात आणि मानसोपचार तिन्ही ओपीडी साधतील असा दिवस आधी विचारून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्ह्याला असलेलं लवकर हस्तक्षेप केंद्र, ज्याला सगळे डीईआयसी म्हणतात, ते 18 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. बाळांचं केंद्र म्हणून परत पाठवू लागले तर हे सांगा. तिथल्या मानसशास्त्रज्ञांकडून बेसिक-एमआर या वर्तन मोजायच्या प्रश्नावलीचा दुसरा भाग भरून मागा. बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेनं 1992 मध्ये भारतीय मुलांसाठी ती केली आणि त्या भागात 75 त्रासदायक वर्तनं मोजायची सोय आहे. आज एक आकडा मिळाला की तीन महिन्यांनी तुलना करता येते. जाताना वही न्या. नुसतं “फार चिडतो” म्हटलं तर पाच मिनिटांत गोळी लिहून मिळते, पंधरा पानांच्या नोंदी पुढं ठेवल्या तर डॉक्टर खुर्ची पुढं ओढतात. हे मी कितीदा तरी पाहिलंय.

गोळीचंही सांगते. मी औषधं लिहीत नाही, पण मी त्यांच्या विरोधातही नाही. रिस्पेरिडोन किंवा ॲरिपिप्राझोल चिडचिड कमी करायला मदत करतं, काही मुलांना शिकण्याइतकी शांतता त्यातूनच मिळते. पण भूक आणि वजन वाढतं, गुंगी येते. म्हणून सुरू करायच्या दिवशी वजन लिहून ठेवा आणि किती महिन्यांनी फेरविचार करायचा ते डॉक्टरांना तेव्हाच विचारा.

दुसरं दार शिक्षणाचं, आणि इथं मी तुम्हाला थोडं हट्टी व्हायला सांगेन. 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षण हा त्याचा कायद्यानं दिलेला हक्क आहे, “शांत झाला की आणा” हे तोंडी उत्तर चालत नाही. मुख्याध्यापकांना साधं पत्र द्या: आमच्या मुलाचं वर्तन हाताळण्यासाठी वैयक्तिक शिक्षण आराखड्यात काय बदल करणार, आणि तो कोणत्या तारखेपासून शाळेत येऊ शकेल. पोच घ्या. सोबत पंचायत समितीच्या गटसाधन केंद्रात जाऊन समग्र शिक्षाच्या विशेष शिक्षकांना भेटा आणि शाळा पूर्ववत होईपर्यंत गृहाधारित शिक्षणाची मागणी करा. विशेष शिक्षक घरी आले की त्यांना वही दाखवा, आईसमोर खूण शिकवायला सांगा. माझ्या ओळखीतले काही विशेष शिक्षक दुचाकीवरून वस्त्या-वस्त्या फिरून हे काम करतात. शाळेनं दाद दिलीच नाही तर जिल्हा परिषद, आणि त्यावर पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते.

तिसरं दार पैशाचं. ते राष्ट्रीय न्यास कायदा 1999 मुळं उघडतं. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व असलेल्यांसाठी त्याखाली निरामय हा आरोग्य विमा आहे, एक लाख रुपयांपर्यंत. त्यात थेरपीचा खर्चही ठरलेल्या मर्यादेत बसतो. अर्ज न्यासाकडे नोंदणी असलेल्या संस्थेमार्फत जातो. पैसे आधी खिशातून भरून मग दावा करायचा असतो, म्हणून पावतीवर थेरपिस्टचा नोंदणी क्रमांक हवाच. या क्षेत्रातला मानसशास्त्रज्ञ किंवा विशेष शिक्षक भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदलेला असला पाहिजे, तसा 1992 चा कायदा आहे. “तीन महिन्यांत स्वमग्नता घालवतो” म्हणणाऱ्याला तो क्रमांक विचारला की पुष्कळ गोष्टी स्पष्ट होतात. फेऱ्यांसाठी एसटीत दिव्यांगांना 75 टक्के सवलत आहे, कार्ड जवळ ठेवा.

चौथं दार तुमच्या गावातच आहे. ग्रामपंचायतीनं स्वनिधीतला, म्हणजे स्वतःच्या उत्पन्नातला, पाच टक्के हिस्सा दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) लेखी अर्ज द्या आणि वस्तू नेमकी मागा: कर्णबंद, चित्रांचा संच, जाड गादी.

कोणत्या दारात काय मिळेल ते खुर्चीवर कोण आहे यावर फार अवलंबून आहे. कुठं मानसशास्त्रज्ञाचं पद रिकामं असतं, कुठं एका विशेष शिक्षकाकडे अर्धा तालुका असतो. म्हणून चारही ठिकाणी एकाच महिन्यात हात घाला, एकाची वाट बघत बाकीचे थांबवू नका. भाऊ 16 चा आहे. डीईआयसी आणि शाळेचा हक्क 18 ला संपतो, म्हणजे हातात दोनच वर्षं आहेत. त्यानंतर दिव्यांगांना काम शिकवणाऱ्या कर्मशाळा, न्यासाची दिवसभराची केंद्रं आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम यांचा आधार असतो, पण तो बराच विरळ आहे. 18 पूर्ण झाल्यावर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे कायदेशीर पालकत्वाचा अर्ज करावा लागेल. तो वडिलांच्या डोक्यात आत्ताच घालून ठेवा.

वसतिगृहाचा निर्णय आज घेऊ नका. मी निवासी व्यवस्थेच्या विरोधात नाही. आई आजारी असेल, घरात दुसरं माणूस नसेल तर चांगली निवासी संस्था वरदान ठरते. पण कारण न कळता पाठवलं तर तेच वर्तन तो सोबत नेतो आणि तिथं त्याला ओळखणारं कुणी नसतं. आणि तुमच्या घरून एक माणूस जूनमध्ये गेलंय म्हणून हे सुरू झालं असेल, तर सगळीच माणसं एकदम गेल्यावर काय होईल?

शेवटी आईसाठी. तिला रात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. तो फक्त रुग्णांसाठी नाही, सांभाळणाऱ्यांसाठीही आहे. तुम्हीच पहिल्यांदा लावून तिच्या हातात फोन द्या.

या रविवारी घरी गेलात की वही आणि पुठ्ठा दोन्ही करून या. पंधरा दिवसांच्या नोंदी इथंच उत्तराखाली टाका, गावाचं आणि भावाचं नाव न घालता. शांत गेलेल्या संध्याकाळी वेगळ्या रंगानं लिहा, मी आधी त्याच वाचेन.